मोटारसायकलला फ्लॅप बसवताना

मृगाचा पाऊस पडून गेला की वाटूरच्या फाट्यावर उभे राहावे आणि येणाऱ्या मोटारसायकली पाहाव्यात. कोणाच्या पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाचा सरळ पट्टा उमटलेला असतो. कोणाचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत माखलेले असतात. मागे बसलेल्या बाईच्या लुगड्याची तर दशा विचारू नका. आणि एखादा गडी असाही येतो की त्याच पावसातून, त्याच रस्त्याने आलेला असून त्याची पैरण स्वच्छ असते. दोघांची गाडी एकाच कंपनीची असते. फरक एवढाच की एकाच्या चाकामागे रबराचा वीतभर तुकडा लोंबत असतो, दुसऱ्याच्या नसतो.

या तुकड्याला मिस्त्री लोक फ्लॅप किंवा मडफ्लॅप म्हणतात. चाकावर कमानीसारखा बसवलेला जो पत्रा किंवा प्लास्टिक असते ते मडगार्ड. इंग्रजीत मड म्हणजे चिखल आणि गार्ड म्हणजे राखणदार. मडगार्डच्या खालच्या टोकाला जो लोंबता तुकडा लावतात तो फ्लॅप. लुगड्याला जसा पदर, तसा मडगार्डला फ्लॅप.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, एवढ्याशा रबरावर धडा कशाला लिहिता? फाट्यावर जावं, दोन बोल्ट मारून घ्यावेत, झालं. खरे आहे. पण हा तुकडा चुकीचा बसवला तर तो चाकात ओढला जातो आणि धावते चाक जागच्या जागी अडकते. पुढचे चाक असे अडकले तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. चांगला बसवला तर तोच तुकडा इंजिन राखतो, चेन राखतो, आणि आपल्या मागून येणाऱ्याचे डोळेही राखतो. म्हणून तो कसा बसवायचा हे समजून घेतलेले बरे.

प्रथम हे पाहू की चिखल उडतो कसा.

तुम्ही ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभे राहून गोफण फिरवली असेल. गोफण गोल फिरते, पण दोरी सोडली की खडा गोल जात नाही. तो सरळ सुटतो. ज्या क्षणी सुटला त्या क्षणी त्याचे तोंड जिकडे होते तिकडेच जातो. शाळेत वर्तुळाची स्पर्शरेषा शिकवताना मी मुलांना गोफणच सांगत असे. फळ्यावरच्या आकृतीपेक्षा ती लवकर समजते. चाकाला चिकटलेल्या चिखलाचे असेच आहे. टायर त्याला धरून ठेवतो तोवर तो गोल फिरतो. पकड सुटली की सरळ रेषेत निघतो.

ही पकड सुटते किती जोराने? साध्या मोटारसायकलच्या चाकाचा घेर साधारण दोन मीटर असतो. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने गेली तर ती एका सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. म्हणजे चाक एका सेकंदात आठ-नऊ वेळा फिरते. एवढ्या वेगात चाकाला चिकटलेली दहा ग्रॅमची चिखलाची गोळी सुमारे नऊशे ग्रॅम वजनाच्या ओढीने बाहेर खेचली जाते. हीच गाडी ताशी ३० वर आणली तर ओढ निम्मी होत नाही, पाव होते, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. वेग निम्मा, ओढ चौथाई. रस्त्यावर पाणी साचलेले दिसले की गाडी हळू करावी, याचे कारण या हिशेबात आहे. फ्लॅप नसला तरी एवढे तर आपल्या हातात असतेच.

आता चिखल कोणत्या बाजूला उडतो ते पाहू. इंजिन बंद करा. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून डबल स्टँडवर लावा. मागचे चाक हाताने पुढच्या दिशेने फिरवा आणि चाकाच्या पाठीमागच्या बाजूकडे बघा. तिथे टायर खालून वर जाताना दिसेल. ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, पुढे दोनदा कामाला येणार आहे. चाक रस्त्यावरचे पाणी आणि माती उचलते, मागच्या बाजूने वर नेते, आणि जाता जाता मागे आणि वर फेकते. मागच्या चाकाने फेकलेले तुमच्या पाठीवर, सामानावर आणि मागून येणाऱ्याच्या तोंडावर जाते. पुढच्या चाकाने फेकलेले इंजिनावर आणि तुमच्या पायांवर येते.

बहुतेक लोक मागचा फ्लॅप लावतात, कारण कपडे खराब होतात ते दिसते. माझ्या मते पुढचा फ्लॅप जास्त मोलाचा. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांची इंजिने वाऱ्याने थंड होतात. इंजिनावर ज्या पातळ पात्या असतात त्या शोभेच्या नाहीत. त्यांच्यामधून वारा जातो आणि उष्णता घेऊन जातो. पुढच्या चाकाचा चिखल त्या पात्यांत बसतो आणि इंजिनाच्या उष्णतेने वाळून खापरीसारखा घट्ट होतो. मग वारा जायचा कसा? उन्हाळ्यात अंगावर घोंगडी घेऊन चालण्यासारखे ते होते. शिवाय पाणी प्लगच्या टोपीत शिरले की गाडी भर पावसात फट्‍फट् करून बंद पडते. चिखलातली बारीक वाळू चेनच्या तेलात मिसळली की तिचा सानेचा लेप होतो आणि चेन व दातेरी चाके झिजवत राहतो. चेनसॉकेट बदलायला किती पैसे लागतात ते ज्याने बदलले त्याला ठाऊक आहे. त्या मानाने रबराचा तुकडा फुकटच म्हणायचा.

जुन्या गाड्यांना हा त्रास कमी होता. मद्रासला १९५५ साली बुलेट गाडीचा कारखाना उभारण्याचे काम सुरू झाले. त्या बुलेटचे मडगार्ड लोखंडी पत्र्याचे, खोल आणि लांब असायचे. पुढे १९८५ पासून हिरो होंडाच्या हलक्या गाड्या आल्या. आपल्या मराठवाड्यात वाळूजलाही बजाजचा कारखाना त्याच साली सुरू झाला. गाड्या स्वस्त झाल्या, पेट्रोल कमी पिऊ लागल्या, घरोघर आल्या. पण हळूहळू मडगार्ड प्लास्टिकचे झाले आणि आखूडही झाले. आखूड मडगार्ड दुकानात देखणे दिसते. चिखल दुकानात नसतो.

आपल्याकडे तर चिखलही साधा नाही. वाटूरच्या शिवारात काळी माती आहे. लाव्हारसाच्या काळ्या दगडाची हजारो वर्षे झीज होऊन ती बनली. तिच्यातल्या चिकणमातीचे कण पाणी पितात आणि फुगतात. उन्हाळ्यात ते पाणी सोडतात आणि आकसतात, म्हणून रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ही माती कपाशीला, तुरीला, सोयाबीनला आईसारखी आहे. पण ओली झाली की चपलेला शेरभर चिकटते. मोटारसायकल पाणंदीतून नेली तर पन्नास पावलांत टायर आणि मडगार्डमधली जागा चिखलाने ठासून भरते आणि चाक फिरेनासे होते. गाडी ढकलायलाही येत नाही.

इथे एक पेच आहे, तो नीट समजून घ्या. डांबरी रस्त्यावर फ्लॅप जितका लांब तितका चांगला. काळ्या चिखलात फ्लॅप जितका लांब आणि टायरच्या जवळ, तितका चिखल अडकवणारा. मातीतल्या शर्यतीच्या मोटारसायकली तुम्ही चित्रात पाहिल्या असतील. त्यांचे पुढचे मडगार्ड टायरपासून चांगले वीतभर उंच असते. ते उगाच नव्हे. चिखलाला पडायला जागा मिळावी म्हणून तसे करतात. मग आपण काय करायचं? माझे मत असे आहे की ज्याला डांबरीवरून जालना, परतूर, मंठा असे जायचे आहे, किंवा आषाढीला पंढरपूर गाठायचे आहे, त्याने फ्लॅप जरूर लावावा. ज्याला रोज पाणंदीतून शेतात जायचे आहे त्याने फ्लॅप असा लावावा की तो काढता येईल. त्यासाठी दोन पंख असलेला, हाताने फिरणारा नट मिळतो. पान्याशिवाय तो सुटतो. आणि भर पावसात गाडी फाट्यावर किंवा रस्त्याच्या कडेला ठेवून शेतात पायी जाणे सगळ्यांत उत्तम. पायाला चिखल लागला तर धुता येतो.

चाकात अडकलेला चिखल काढायचा तो इंजिन बंद करून, काडीने. गाडी चालू ठेवून हात घालणाऱ्याची बोटे चेनमध्ये जाण्याचा धोका असतो. घाई कितीही असो, किल्ली आधी काढून खिशात टाकावी.

आता प्रत्यक्ष बसवण्याकडे वळू.

आधी आपल्या गाडीच्या मडगार्डला खालच्या टोकाशी कंपनीनेच भोके ठेवली आहेत का ते बघा. असतील तर त्याच गाडीचा तयार फ्लॅप दुकानात मागा. नवे भोक पाडायची गरज नाही. भोके नसतील तर रबर शोधावे लागेल. ट्रकचा जुना फ्लॅप मिळाला तर छान. जालन्याच्या लोखंडी सळयांचे आणि भंगाराचे ट्रक आपल्या रस्त्याने सारखे जातात, त्यामुळे ट्रकच्या मिस्त्रीकडे असे तुकडे पडलेले असतात. रबर तीन मिलिमीटर जाड असावे. रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली की साधारण तेवढी जाडी होते. काही जण जुन्या ट्यूबचा तुकडा लावतात. तो फार पातळ. वाऱ्याने फडफडतो आणि धक्क्याने हिंदकळून टायरला लागतो. आणि पत्रा तर कधीच लावू नका. पत्र्याची कड रापीसारखी असते. गाडी पडली तर तो पायाला कापतो, वाकला तर टायरला.

रबर कापण्याआधी पुठ्ठा कापा. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा चालतो. रुंदी टायरपेक्षा दोन्ही बाजूंना एकेक बोट जास्त ठेवा. वर मडगार्डवर तीन बोटे चढेल एवढी लांबी ठेवा. खालचा काठ जमिनीपासून साधारण वीतभर वर राहू द्या. डांबरी रस्त्यापुरता याहूनही खाली चालेल, पण आपल्या गावांतले गतिरोधक कसे असतात ते तुम्ही जाणता. पुठ्ठा चिकटपट्टीने जागेवर लावून बघा. मग एक दोरी घ्या. टायर रस्त्याला टेकतो त्याच्या जरा मागे दोरीचे एक टोक टायरला टेकवून धरा. दोरी पुठ्ठ्याच्या खालच्या काठाला लावून तशीच सरळ इंजिनाकडे ताणा. या दोरीच्या वरचा भाग झाकला गेला, खालच्या भागावर चिखल येणार. इंजिनाच्या पात्या आणि प्लग दोरीच्या वर आले की लांबी पुरे. इंजिनाचा तळ धुऊन निघाला तरी बिघडत नाही.

मापाची खात्री झाली की पुठ्ठा रबरावर ठेवून खडूने आखा. रबर कापायला चांभाराची रापी सगळ्यांत चांगली. कात्रीने कड ओबडधोबड होते, आणि फाटायला सुरुवात अशा कडेतूनच होते. खालचे दोन्ही कोपरे गोल करा. भोके कडेपासून निदान बोटभर आत घ्या, नाहीतर रबर तिथून चिरत जाते. बोल्ट दोन तरी असावेत, तीन असले तर उत्तम. एकाच बोल्टवर लावलेला फ्लॅप घड्याळाच्या लंबकासारखा फिरतो.

मडगार्डला भोक पाडताना ड्रिल वापरा. आधी बारीक भोक, मग मोठे. प्लास्टिकवर ड्रिल हळू चालवायचे, जोर दिला तर प्लास्टिक तडकते. गरम खिळा खुपसणारेही पुष्कळ आहेत. त्याने भोक वाकडेतिकडे होते आणि नको तेवढे मोठे होते. मडगार्ड पत्र्याचे असेल तर भोकाच्या उघड्या कडेला ऑइल पेंट लावा. तेवढे केले नाही तर गंज तिथून पसरतो. ड्रिलचे टोक टायरमध्ये शिरू नये म्हणून आत लाकडाची फळी सरकवून ठेवा, किंवा चाक काढून घ्या.

बोल्ट कोणत्या बाजूने घालायचा, यात लोक फार निष्काळजी असतात. बोल्टचे गोल, चपटे डोके आत, म्हणजे टायरच्या बाजूला यायला हवे. नट आणि बोल्टचे उरलेले टोक बाहेरच्या बाजूला. उलटे घातले तर बोल्टचे टोक टायरकडे रोखलेले राहते. टायरवर खडा अडकून आला, किंवा मडगार्ड जरा वाकले, की ते टोक टायर सोलत जाते. दोन्ही बाजूंना मोठे वायसर लावा, म्हणजे बोल्ट रबरातून ओढून निघत नाही. सहा मिलिमीटरचा बोल्ट पुरतो, त्याला दहाचा पाना लागतो. काढायचा नसलेल्या फ्लॅपला आत नायलॉनची कडी असलेला नट घ्या. तो हादऱ्याने ढिला होत नाही.

आता मघाशी ध्यानात ठेवलेली गोष्ट काढा. चाकाची मागची बाजू वर जाते. म्हणजे फ्लॅपचा काठ टायरला टेकला तर टायर त्याला खाली ढकलणार नाही. तो त्याला वर ओढून मडगार्डच्या आत नेणार. रबर टायर आणि मडगार्ड यांच्यात पाचरीसारखे बसणार. हाच तो धोका जो मी सुरुवातीला सांगितला. म्हणून फ्लॅप आणि टायर यांच्यात सगळीकडे दोन बोटे तरी जागा हवी, आणि ती हाताने दाबून पाहिल्यावरही राहायला हवी. रबराला आधीच टायरकडे बाक असेल तर तो तुकडा उलटा करून लावा, म्हणजे बाक बाहेर जाईल.

पुढच्या फ्लॅपची आणखी एक परीक्षा आहे. साध्या गाडीचे पुढचे मडगार्ड चाकाबरोबर वरखाली होते. ब्रेक दाबला की पुढचे शॉकअप दबतात, चाक वर येते आणि फ्लॅप इंजिनाजवळ सरकतो. तिथेच सायलेन्सरचा तापलेला नळा असतो. त्याला रबर लागले तर जळते, धूर होतो. म्हणून गाडी थंड असताना पुढचा ब्रेक धरून हँडल जोराने खाली दाबा. दोघांनी मिळून दाबले तर आणखी बरे. त्या वेळी नळा आणि फ्लॅप यांच्यात चार बोटे जागा दिसली पाहिजे. रस्त्यावर खड्डा आला की शॉकअप याहूनही जास्त दबतात, म्हणून एवढी जागा सांगतो. शेवटी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून फ्लॅप कुठे अडत नाही ना ते बघा.

मागच्या फ्लॅपला माप घेताना गाडीवर दोन माणसे बसवा. बहुतेक गाड्यांचे मागचे मडगार्ड सांगाड्याला जोडलेले असते. वजन पडले की ते खाली येते. रिकाम्या गाडीवर वीतभर उंच दिसणारा फ्लॅप सामान आणि सवारी बसल्यावर खाली येतो. फ्लॅपने नंबरची पाटी, मागचा दिवा आणि लाल चकाकती खूण झाकली जाता कामा नये. रात्री मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला आपण दिसतो ते त्या दिव्यामुळे. चिखलाने माखलेला दिवा आणि विझलेला दिवा सारखाच. म्हणून पावसात मध्येच थांबून तो ओल्या फडक्याने पुसावा. समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नाही, त्यामुळे आपल्याला ट्रक, एसटी आणि उसाचे ट्रॅक्टर यांच्याबरोबर जुन्याच रस्त्यांवर चालायचे आहे.

मागच्या चाकाचा विषय निघाला आहे तर लुगड्याचेही सांगतो. केंद्राच्या १९८९ च्या मोटार वाहन नियमांत १२३ वा नियम आहे. मोटारसायकलवर मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ, पाय ठेवायला जागा, आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे आवरण असले पाहिजे, असे तो सांगतो. बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत यासाठी हा नियम आहे. काही पोरं गाडी शोभिवंत दिसावी म्हणून हे आवरण काढून टाकतात. त्यांच्याच मागे त्यांची आई किंवा बहीण एका बाजूला पाय सोडून बसते आणि पदर वाऱ्यावर असतो. फ्लॅपमुळे पदर वाचत नाही. त्यासाठी ते आवरणच हवे. मिस्त्रीकडे फ्लॅप लावायला जाल तेव्हा ते काढलेले असेल तर परत लावून घ्या.

बसवून झाल्यावर गाडी लगेच लांबच्या गावाला नेऊ नका. फाट्यापर्यंत जाऊन या, मग सगळे बोल्ट पुन्हा कसा. रबर दाबले जाते आणि पहिल्या दिवशी बोल्ट थोडे ढिले पडतातच. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर आणखी एकदा कसा. गाडी धुताना फ्लॅपची आतली बाजूही धुवा, तिथे चिखलाचा थर साचून दोन बोटांची जागा भरत जाते. रबर उन्हाने कडक होते. वाकवल्यावर बोल्टाजवळ बारीक चिरा दिसल्या की तुकडा बदला, तो तुटून पडायची वाट पाहू नका.

आणि गाडी अंगणातून मागे घेताना जरा बघा. मागे ढकलताना चाक उलटे फिरते. फ्लॅप उंबऱ्याला, दगडाला किंवा ओट्याच्या कडेला टेकला तर तो वाकून टायरखाली जातो आणि बोल्टासकट उपटून निघतो. फाट्यावरचे मिस्त्री सांगतात की रस्त्यावर तुटणाऱ्या फ्लॅपपेक्षा अंगणात असे उपटणारे जास्त. मागे दगड असेल तर आधी तो उचलून बाजूला ठेवावा, मग गाडी काढावी.